अर्ध्या अंड्याचे अडीच महिने

१२ मे २०२४ रोजी, रविवारी दुपारी, मी ‘पाच माणसांचा महिना नऊ हजारांत’ या नावाचा सतरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि खळ्यात वाळत घातलेली आमसुले उलटायला निघून गेले. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत आमच्या घराने पोलीस ठाणे, बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती आणि दिल्लीतली एक अपील समिती एवढ्यांशी संबंध आलेला पाहिला. मुलांसकट घरचे व्हिडिओ टाकणाऱ्या एखाद्या आईबापावर असा प्रसंग आला, तर कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते हे त्यांना ठाऊक असावे, म्हणून तारखांसकट लिहीत आहे. मला त्या दिवसांत हे सांगणारे कोणी भेटले नव्हते.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे, तेव्हा अकरा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा. यजमान पर्यटकांच्या होडीवर कामाला आहेत आणि ते काम पावसाळ्यात बंद असते. मी आगळ (कोकमाचा घट्ट रस), आमसुले आणि कुळथाचे पीठ विकते. टाळेबंदीत होडी किनाऱ्यालाच राहिली, पुढे १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा पडवीची कौले आणि तीन माड गेले. त्या वर्षी जी काटकसर केली ती नाइलाजाने केली. मोबाइल समोर ठेवून ती लोकांना दाखवायला लागले ते मात्र हौसेने. सोडणांवर (नारळाच्या सालींवर) पाणी तापवणे, चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) हीर काढून केरसुणी बांधणे, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर सुका जवळा, खारातल्या कैऱ्या आणि आठळ्यांची बेगमी करणे, जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून नवी वही करणे, असे विषय असत. तीन वर्षांत बघणारे वाढले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यातून ११,४०० रुपये मिळाले. व्हिडिओत ज्या खर्चाचा मी अभिमानाने हिशेब मांडला होता, त्याहून ही रक्कम जास्त होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. लोकांच्या मात्र लगेच आले.

पहिले दोन दिवस सगळे नेहमीसारखे होते. मुंबईतल्या चाकरमान्यांना आजीची पेज आठवली, कोणी आमसुलांचा भाव विचारला. १४ मे रोजी कोणीतरी सतरा मिनिटांतली अडतीस सेकंदे कापून घेतली. त्यात दोनच प्रसंग होते: एका अंड्याची पोळी करून मी ती दोन मुलांत अर्धी अर्धी वाटते, आणि मावसबहिणीकडून आलेल्या गणवेशाचा दुमडलेला काठ सोडवून तो थोरलीच्या अंगाला लावून बघते. वर लिहिले होते, ‘आईची कमाई, मुलांची उपासमार’. तीन दिवसांत तो तुकडा सहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला आणि माझ्या मूळ व्हिडिओखाली अडीच हजार प्रतिक्रिया जमल्या.

त्या सगळ्या मी वाचल्या, हा माझा मूर्खपणा होता, पण वाचल्यामुळे एक कळले. बहुतेक माणसे माझ्या घराविषयी बोलतच नव्हती. ज्यांचे बालपण ओढगस्तीत गेले होते त्यांतल्या काहींना आमचे घर आपलेसे वाटले, आणि काहींना त्याच कारणाने संताप आला. एका गृहस्थांनी लिहिले होते की भावाचे कपडे घालून ते दहावीपर्यंत शाळेत गेले आणि कोणत्याही मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर ओव्हरटाइम केला. त्यांच्यावर मला रागावता आले नाही. कोणी ‘सात रुपयांचे अंडे परवडत नाही का’ असे विचारले. कोणी आमच्या न्हाणीघरातल्या एका बादलीवरून आम्हांला पाण्याचे महत्त्व सांगणारे संत ठरवले, तर कोणी त्याच बादलीवरून क्रूर. आणि जे काही वाईट होते ते सारे माझ्या नावावर जमा होत होते. यजमानांना बहुतेकांनी ‘बिचारा’ म्हणून सोडून दिले होते. ती अंड्याची पोळी त्यांनीच तव्यावर टाकली होती, हे व्हिडिओत स्पष्ट दिसते.

अर्ध्या अंड्याची हकिकत सांगण्यासारखीही नाही. मेच्या उकाड्यात कोंबड्या कमी अंडी घालतात, दोन कोंबड्या खुडूक बसल्या होत्या, आणि त्या सकाळी घरात एकच अंडे होते. मुलांनी दुपारी बांगड्याचे तिखले आणि भात खाल्ला. पण ‘एक अंडे, दोघांत समाधान’ असे शब्द मी स्वतःच पडद्यावर घातले होते, कारण ते छान दिसतील असे मला वाटले. साध्या सकाळीला मी शिकवण करून ठेवले होते, तेव्हा लोकांनी ती शिकवण तपासली यात नवल नाही.

त्याच सुमारास, ८ मे रोजी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांच्या आहाराविषयी १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या, त्यामुळे प्रथिनांचा हिशेब घेऊन येणारेही बरेच होते. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण ३३ ग्रॅम प्रथिने लागतात आणि अर्ध्या अंड्यात जेमतेम ३ ग्रॅम असतात, असे एका डॉक्टरबाईंनी सौम्य शब्दांत लिहिले होते. त्या रात्री मी कालनिर्णयाच्या पाठीवर बांगडे, कुळथाची पिठी, मूग आणि भात यांची बेरीज मांडत बसले. बेरीज जुळली, कारण बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्येच सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात काय असते, हे मी त्याआधी कधी मोजले नव्हते. या एका प्रतिक्रियेबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आणखी दोन आक्षेप खरे होते, तेही लिहून टाकते. नऊ हजारांत घरचा तांदूळ, विम्याचा हप्ता आणि इंटरनेटचे पैसे धरलेलेच नव्हते. दुसरे म्हणजे, मार्चमधल्या एका व्हिडिओत वापरलेला कुकर मला दुकानदाराने फुकट दिला होता आणि मी ते सांगितले नव्हते. ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी काढलेल्या सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूही जाहिरातीतच मोडते आणि ते प्रेक्षकाला सहज दिसेल असे, व्हिडिओच्या भाषेत सांगावे लागते. चूक करणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे एका प्रतिक्रियेतून समजले. त्याच रात्री मी ती दुरुस्ती केली.

गावातली प्रतिक्रिया वेगळ्या रस्त्याने आली. १६ मे रोजी भावकीतल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचे जेवण होते. पंगतीत एका काकूंनी थोरलीच्या पानात दोन उकडलेली अंडी वाढली आणि ‘खा गो बाय, हंय कोण मोजूक नाय’ असे मोठ्याने म्हटले. सगळे हसले. थोरलीने अंडी खाल्ली नाहीत, पान तसेच मुडपून उठली. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, ‘आमी पेज खावन वाढलव, तेवा खंयची दुनिया बघूक इली नाय.’ मी तेव्हा हे बोलणे माझ्या बाजूचे समजले.

१७ मे रोजी थोरलीच्या फोटोला भिकेचा वाडगा जोडून केलेले एक चित्र फिरू लागले आणि तिथून कागदपत्रांचे काम सुरू झाले. पहिला सल्ला हा, की रागाने काहीही पुसून टाकण्याआधी प्रत्येक मजकुराचा दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मी पहिल्या दिवशी वीसेक घाण प्रतिक्रिया पुसल्या आणि पुढे नेमक्या त्याच दाखवता आल्या नाहीत. प्रतिक्रियांची सोय मी १८ तारखेला बंद केली आणि ते चित्र ज्या समाजमाध्यमाच्या मंचावर होते त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार केली. साधे ‘रिपोर्ट’ बटण दाबणे आणि या अधिकाऱ्याकडे तक्रार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेव्हा त्यांना २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागत असे. पोच दुसऱ्या दिवशी आली.

२० मे रोजी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तिथल्या हवालदारसाहेबांनी चहा दिला आणि शांतपणे समजावले, की माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाचे नाव सगळे घेतात ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे, आणि बदनामीचा गुन्हा अदखलपात्र असल्याने ते नोंद करून घेतील, पुढे न्यायालयात मलाच जावे लागेल. (तेव्हा ते भारतीय दंड संहितेचे कलम ५०० होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झाले.) न्यायालयात जायचे नाही असे आम्ही दोघांनी परतताना ठरवले, पण नोंदीची प्रत जपून ठेवली आणि ती पुढे दोनदा उपयोगी पडली.

या गडबडीत एक विचित्र गोष्ट घडत होती. आमसुलांच्या विक्रीसाठी मी व्हिडिओखाली मोबाइल क्रमांक दिला होता, त्यावर अनोळखी माणसे पैसे पाठवू लागली. कोणी ५१, कोणी १०१, एका बाईंनी ‘मुलीला अंडी द्या’ असे लिहून ५०० रुपये. दहा दिवसांत २,७५० रुपये जमले. शिव्यांनी मी रडले नव्हते, या पैशांनी रडले. एकेकाला फोन करून पैसे परत पाठवायला चार संध्याकाळी लागल्या. तिघांनी घेण्यास नकार दिला, त्यांना मी तेवढ्या किमतीची आमसुले पाठवली. धंद्याचा क्रमांक आणि घरचा क्रमांक वेगळा ठेवावा, हे तेव्हापासून पाळते.

२९ मे रोजी सकाळी फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे नाव सांगितले आणि १०९८ या क्रमांकावर आमच्या मुलांविषयी तक्रार आली असल्याने शुक्रवारी गृहभेट होईल, असे कळवले. माझ्या हातातली रवळी खाली पडली. मुले घेऊन जातील, एवढाच एक विचार डोक्यात होता. तसे लगेच होत नाही, हे मी आज सांगू शकते: आधी भेट देऊन बालक ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ आहे की नाही हे पाहतात, अहवाल तयार होतो आणि तो बाल कल्याण समितीपुढे जातो. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तक्रार कोणी केली हे मी विचारले. ते सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. पुढचे दोन दिवस मी गावातल्या प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने बघत होते, आणि त्याची आज लाज वाटते.

दोन रात्री झोप नव्हती. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मी फोन केला आणि पलीकडच्या मुलीने पाऊण तास मराठीत ऐकून घेतले. तो फोन विनामूल्य असतो. आमच्या घरात असल्या गोष्टींसाठी फोन करण्याची रीत नाही, म्हणून मी गोठ्यामागे जाऊन बोलले.

गृहभेटीसाठी मी घर सारवून, भांडी घासून, डब्यात लाडू भरून ठेवले होते. ३१ मे रोजी बाल संरक्षण अधिकारी आणि एक सामाजिक कार्यकर्त्या आल्या. सोबत गावच्या बाल संरक्षण समितीतर्फे अंगणवाडी ताई आणि पोलीस पाटील होते. लाडवांकडे कोणी पाहिले नाही. त्यांनी मुलांचे वजन आणि उंची, लसीकरणाचे कार्ड, जन्मदाखले, प्रगतिपुस्तके, शौचालय, झोपण्याची जागा आणि धान्याचे डबे पाहिले. धाकटा त्यांना कोंबड्यांची नावे सांगत होता. मग कार्यकर्त्या ताईंनी थोरलीला पडवीत नेले आणि आम्हांला मागच्या दारी थांबायला सांगितले. पंचवीस मिनिटे त्या दोघी बोलत होत्या. थोरली परत आली तेव्हा मी काही विचारू नये, असे ताईंनी आधीच बजावले होते आणि मी, मोठ्या कष्टाने, विचारले नाही.

१ जूनला मंचाकडून उत्तर आले, की वाडग्याचे चित्र त्यांच्या नियमांचा भंग करत नाही. इथेच बहुतेक लोक थांबतात. या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. २०२३ पासून ही सोय आहे आणि मला तिच्यासाठी एकही रुपया लागला नाही. ५ जूनला अपील भरले. मूळ तक्रार, तिची पोच, मंचाचे उत्तर आणि पोलीस नोंदीची प्रत असे चार कागद जोडले आणि मुलगी अकरा वर्षांची आहे हे पहिल्याच वाक्यात लिहिले.

बाल कल्याण समितीपुढे हजर राहण्याची तारीख २० जून मिळाली. शाळा १५ जूनला उघडल्याने मुख्याध्यापकांचे पत्र मधल्या चार दिवसांत मिळवावे लागले, तेव्हा सुट्टीत अशी वेळ आली तर शाळेला आधीच कळवून ठेवावे. त्यांनी हजेरी, प्रगती आणि शालेय पोषण आहारात तेव्हा आठवड्याला मिळणारे अंडे थोरली आवडीने खाते, असे तिन्ही लिहून दिले. छायाप्रतींना ४६ रुपये गेले. धाकट्याला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही तिघे एसटीने गेलो; महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि थोरलीचेही अर्धेच, त्यामुळे जाऊन-येऊन पावणेतीनशे रुपयांत भागले. बाकड्यावर अडीच तास थांबावे लागले. आमच्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यामागे आमच्यापेक्षा कितीतरी मोठे दुःख होते, आणि आपण एका अंड्यासाठी यांचा वेळ खातो आहोत असे मला वाटत राहिले.

आत गेल्यावर खर्चाविषयी, मासेबंदीच्या काळातल्या आहाराविषयी प्रश्न झाले. त्यानंतर एका सदस्यबाईंनी भेटीच्या अहवालातले एक वाक्य वाचून दाखवले. ‘बालिकेस घरातील राहणीमान, आहार अथवा कपडे यांबाबत तक्रार नाही, तथापि सदर बाबींच्या चित्रीकरणाबाबत तिने नाराजी व्यक्त केली असून, तसे पालकांस सांगितले नसल्याचे ती म्हणते.’ सदस्यबाईंनी चष्मा काढून विचारले, ‘ताई, व्हिडिओ टाकण्यापूर्वी तुम्ही तिला विचारत होता का?’ अडीच हजार प्रतिक्रियांना माझ्याजवळ उत्तरे होती. या प्रश्नाला नव्हते. ‘नाही’ एवढेच म्हणाले. यजमान खाली बघत होते.

परतीच्या एसटीत थोरली खिडकीशी बसली होती. कुडाळ सोडल्यावर ती आपणहून बोलली, की अर्धे अंडे तिला चालते, मावसबहिणीचा गणवेशही चालतो, पण शाळेतल्या मुली ‘अर्धी’ म्हणून हाक मारतात. हे केव्हापासून, असे मी विचारले. शाळा सुरू झाल्यापासून, म्हणजे पाच दिवसांपासून, आणि त्याआधी ट्यूशनमध्ये. हे सगळे तिने महिनाभर माझ्यापासून लपवले होते, कारण आई आधीच रडते आहे हे ती बघत होती.

जूनच्या अखेरीस एका स्थानिक बातमी देणाऱ्याने समितीतल्या सुनावणीची बातमी थोरलीच्या फोटोसह दिली. बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार चौकशीतल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मी कलमाचा क्रमांक लिहून चार ओळींचा ई-मेल पाठवला आणि फोटो त्याच संध्याकाळी निघाला. अशा वेळी लांबलचक कैफियत लिहू नये, कलम लिहावे.

अपील समितीचा निर्णय ३ जुलैला आमच्या बाजूने आला आणि दोन दिवसांत ते चित्र त्या मंचावरून गेले, जरी लोकांच्या मोबाइलमध्ये ते आजही असणार. बाल कल्याण समितीचे पत्र टपालाने यायला २४ जुलै उजाडला. प्रकरण बंद करण्यात येत आहे आणि पालकांनी बालकांच्या चित्रीकरणाबाबत त्यांचे मत विचारात घ्यावे, असा त्यात मजकूर होता. पोस्टमनभाऊंनी पाकिटावरचा शिक्का वाचला होता. ते थांबून राहिले, मी ‘मिटले’ म्हटल्यावर सायकलवर बसले.

त्या रविवारी बाहेर पाऊस लागला होता. मी आणि थोरली माजघरात बसून, ज्यांत मुले दिसतात असे सारे व्हिडिओ पहिल्यापासून बघत गेलो. एकूण एकतीस निघाले. काय ठेवायचे हे तिने ठरवायचे, असे मी सांगितले होते, आणि ती इतक्या भराभर ‘काढ’ म्हणत होती की मध्ये एकदा मी वाद घालायला तोंड उघडले आणि मिटले. चोवीस काढले. ऑगस्टमध्ये मिळकत ३,२०० वर आली आणि अजून पाच हजारांच्या वर गेलेली नाही; आता पडद्यावर फक्त माझे हात आणि भांडी असतात. वह्या शिवण्याचा व्हिडिओ ती काढायला लावील अशी माझी खात्री होती, कारण त्याखाली ‘पोरीला एक नवी वही घेऊन द्या’ असे लोकांनी सर्वांत जास्त लिहिले होते. तो तिने ठेवला. त्यातले टाके तिने स्वतः घातले आहेत आणि ते सरळ आले आहेत, असे ती म्हणाली.